देनारियस: देवीच्या जागी माणूस कसा आला?

रोमन चांदीचं नाणं म्हटलं की सम्राटाचा मुखवटा आठवतो. पण रोममध्ये पाडलेल्या देनारियस या चांदीच्या नाण्यावर पहिली दीडशेहून अधिक वर्षं जिवंत माणसाच्या चेहऱ्याला जागाच नव्हती.

कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध पेटलेलं असताना, इ.स.पू. २११च्या सुमारास हे नाणं सुरू झालं. वजन साधारण साडेचार ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, तिच्यामागे दहा ‘आस’ (कांस्याची नाणी) किमतीची X ही खूण; दुसऱ्या बाजूला घोडे फेकत निघालेले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव. कॅपिटोलिन टेकडीवरच्या जुनो मोनेटा देवीच्या मंदिराजवळ टांकसाळ होती. टांकसाळीचे अधिकारी म्हणजे राजकारणात नुकते उतरलेले खानदानी तरुण. हळूहळू त्यांनी नाण्यांवर आपल्या घराण्याचे पराक्रम कोरायला सुरुवात केली. मतं मागायला याहून हातोहात पोचणारं साधन दुसरं कोणतं?

अशाच एका तरुणाने इ.स.पू. ५४मध्ये नाणं पाडलं. पुढे स्वातंत्र्यदेवता लिबर्टास, मागे राजेशाही उलथवणारा आपला पूर्वज ल्युसियस ब्रूटस. हा तरुण म्हणजे मार्कस ब्रूटस.

इ.स.पू. ४४च्या सुरुवातीला सीझरने ती मर्यादा मोडली. पानांचा मुकुट घातलेला त्याचा चेहरा आणि ‘तहहयात हुकूमशहा’ ही अक्षरं रोमच्या देनारियसवर आली. १५ मार्चला ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांनी त्याचा खून केला. त्यानंतर ब्रूटसने पूर्वेकडे सैन्याच्या पगारासाठी जे नाणं पाडलं, ते मला सगळ्या रोमन नाण्यांत सर्वांत बोलकं वाटतं. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधोमध मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, खाली EID MAR, म्हणजे मार्चची मध्यतिथी. आणि पुढच्या बाजूला? खुद्द ब्रूटस. प्रजासत्ताकाच्या रक्षकालाही आता स्वतःचा चेहरा टाळता आला नाही. खंजिरांपेक्षा मला तो चेहराच जास्त अस्वस्थ करतो.

पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात सत्ताधीशाचा मुखवटा हाच नियम झाला. लुगदुनुममध्ये, म्हणजे आजच्या ल्योंमध्ये, त्याने पाडलेल्या एका नाण्यावर मागे ढाली-भाल्यांसह उभे असलेले त्याचे नातू गायस आणि ल्युसियस आहेत. हे नाणं दक्षिण भारतातल्या साठ्यांमध्ये मोठ्या संख्येने सापडलं आहे. भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी फायद्यात बदलून मिळत, असं ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या जुन्या ग्रीक पुस्तकात नोंदवलेलं आहे.