हायब्रीड मोटारीची चाल : अलाइनमेंट आणि टायर

मोटारीची चारही चाके रस्त्याशी, एकमेकांशी आणि गाडीच्या मध्यरेषेशी ज्या कोनांत उभी असतात, ते कोन ठरलेल्या मापात आणण्याच्या कामाला व्हील अलाइनमेंट म्हणतात. मराठीत याला ‘चाकांचे संरेखन’ म्हणता येईल, पण कोल्हापुरात गॅरेजच्या दारात हा शब्द उच्चारला तर मिस्त्री वर बघायचा नाही. इथे गाडी अलाइनमेंटला लावतात आणि कारण एका वाक्यात सांगतात : ‘डावीकडं ओढाय लागलीया.’ गाडी ओढणे, सरळ रस्त्यावर ती तरंगल्यासारखी वाटणे, टायर एका कडेने खाल्ला जाणे, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून मध्यावर न येणे, यांपैकी काहीही हायब्रीड गाडीत, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत, दिसले की संशय आधी बॅटरीवर आणि मोटरवर जातो. दोष मात्र बहुतेक वेळा टायरमध्ये, हवेत किंवा टोमध्ये, म्हणजे चाकांची तोंडे आत-बाहेर वळण्याच्या कोनात, सापडतो.

बॅलन्सिंग हे वेगळे काम. त्यात रिमला छोटी वजने लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करतात. ठरावीक वेगाला, साधारण ८०-१०० च्या आसपास, स्टेअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग बघावे. गाडी हात सोडताच एका बाजूला जात असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालून उपयोग नाही.

अलाइनमेंटच्या कोनांत सर्वांत जास्त त्रास देणारा कोन टो. वरून पाहिले असता चाकांची तोंडे आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आउट. हा कोन फार लहान असतो आणि त्याचा परिणाम मोठा. एका चाकाचा टो ०.१ अंशाने चुकला तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटर आडवे जाऊ पाहते. कोल्हापूर ते पुणे अंतर साधारण २३० किलोमीटर धरले तर एका खेपेला हे ४०० मीटर होतात. चाक प्रत्यक्षात एवढे सरकत नाही, कारण जोडीचे चाक त्याला उलट रेटत असते. ही ओढाताण रबर सोसते आणि हळूहळू झिजत जाते. दोरी लावून टो बघणारे जुने मिस्त्री तो मिलिमीटरमध्ये सांगत, यंत्र अंशात सांगते. ६९० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला एकूण १ मिलिमीटर टो म्हणजे ०.०८ अंश, एवढे ध्यानात ठेवले की दोन पिढ्यांची भाषा जुळते.

टो-इन थोडा असला तर गाडी सरळ चालते. टो-आउटकडे गेला की स्टेअरिंग मध्यावर चंचल होते आणि महामार्गावर सारखी बारीक दुरुस्ती करावी लागते. ‘गाडी तरंगते’ म्हणतात ते बरेचदा हेच. कॅम्बर म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल. तो फार आतल्या बाजूला गेला की टायर आतून खातो, आणि ते स्टेपनी काढायची वेळ येईपर्यंत दिसत नाही. कॅस्टर हा स्टेअरिंगच्या आसाचा पुढेमागे कल. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, त्यामुळे चालती सायकल सरळ राहते, तोच हा प्रकार. वळण संपल्यावर स्टेअरिंग परत येते ते मुख्यतः कॅस्टरमुळे. डाव्या-उजव्या चाकांच्या कॅस्टरमध्ये किंवा कॅम्बरमध्ये फरक पडला तर गाडी ओढते, पण टायरची झीज केवळ कॅस्टरने होत नाही.

हायब्रीडमध्ये वेगळे काय? जगातली पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली हायब्रीड मोटार टोयोटा प्रियस, डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आली. भारतात ती २०१० मध्ये आली, पण रस्त्यावर क्वचितच दिसली. हायब्रीड घरोघरी माहीत झाली ती २०२२ मध्ये, होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा आल्यावर. त्याच वर्षाच्या अखेरीस इनोव्हा हायक्रॉस आली. या गाड्यांत चाल बदलणाऱ्या गोष्टी चार.

पहिली गोष्ट वजन. हायब्रीड सिटी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा शंभरेक किलोंनी जड आहे आणि वाढलेल्या वजनाचा मोठा भाग डिकीच्या बाजूला आहे. म्हणून हवा दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीप्रमाणे भरावी. पंपावर चारही चाकांना ‘पस्तीस मार’ म्हणणे सोपे, पण पुढचा आणि मागचा आकडा कारखाना विचार करून ठरवतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसला पुढे ३५ आणि मागे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) सांगितले होते. या दोन पीएसआयनेही वळणावरची गाडीची वागणूक बदलते.

दुसरी गोष्ट स्टेअरिंग. हायब्रीडचे इंजिन चालता चालता बंद होते, त्यामुळे इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा हायड्रॉलिक पंप तिथे चालत नाही आणि पॉवर स्टेअरिंग विजेचे असते. आज साध्या पेट्रोल गाड्यांतही तेच असते, म्हणून हा फरक आता हायब्रीडपुरता राहिलेला नाही. मात्र विजेच्या स्टेअरिंगला स्वतःचा शून्यबिंदू असतो. स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर जिथे ‘सरळ’ समजतो आणि चाके जिथे खरोखर सरळ असतात, त्यांत अंतर पडले की स्टेअरिंगची मोटर सतत हलकासा रेटा देत राहते. कोन सगळे बरोबर आणि गाडी तरी ओढते, याचे हे एक कारण. टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) फिरवून टो बसवल्यावर स्कॅनर लावून हा सेन्सर शून्य करावा लागतो. नव्या गाड्यांत काचेमागचा कॅमेरा लेन धरून ठेवतो, त्यालाही हाच शून्यबिंदू लागतो. ही पायरी गाळली जाणे हा अलाइनमेंटच्या धंद्यातला आजचा सगळ्यात मोठा आळस आहे.

तिसरी गोष्ट ब्रेक. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्र होते आणि गाडीचा वेग विजेत बदलून बॅटरीत घालते. वर सांगितलेल्या चारही गाड्यांच्या हायब्रीड आवृत्त्यांत हे काम पुढच्या चाकांवर होते. म्हणजे ओढणे, वळवणे आणि बराचसा ब्रेक हे सगळे पुढच्या दोन टायरांच्या अंगावर. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबर बुश थकले असतील तर पाय दाबताना टो एक आणि पाय उचलताना दुसरा, अशी स्थिती येते. गाडी दोन मनांची वाटते आणि उभ्या गाडीवर मोजणाऱ्या यंत्राला त्यातले काहीच दिसत नाही.

चौथी गोष्ट शांतता. इंजिन बंद असताना टायरचा आवाज एकदम कानावर येतो. तो नवीन नसतो, आधी झाकलेला असतो.

टायरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हायब्रीडचे मायलेज आणि तिची पकड यांचे भांडण तिथेच आहे. टायर फिरताना दबतो आणि सुटतो, त्यात रबर तापते आणि इंधन वाया जाते. हा लोळण-रोध कमी करण्यासाठी मिशेलिनने १९९२ मध्ये काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका घातलेले रबर बाजारात आणले. सिलिकेमुळे ओल्या रस्त्यावरची पकड फारशी न गमावता तापणे कमी करता आले. भारतात लोळण-रोध, ओली पकड आणि आवाज यांसाठी एआयएस-१४२ हे मानक आहे. गाडीबरोबर आलेले टायर झिजले की मालक बहुधा किंमत आणि माप बघून दुसरे घालतो. मायलेज दीड-दोन किलोमीटरने पडले की मग सर्व्हिस सेंटरला बॅटरीबद्दल विचारणा होते.

मापाचाही हाच घोळ. हायरायडरच्या २१५/६० आर १७ टायरची (रुंदी २१५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६० टक्के) बाजूची भिंत १२९ मिलिमीटर भरते. हायक्रॉसच्या वरच्या आवृत्तीच्या २२५/५० आर १८ ची ११२ च्या आसपास, तर सिटीच्या १८५/५५ आर १६ ची जेमतेम १०२. उंच भिंत खड्डा पचवते, पण स्टेअरिंगचा हुकूम किंचित उशिरा पाळते. बुटकी भिंत वळणावर चोख, पण खड्ड्यात रिम वाकवते. कोल्हापुरातल्या शाहूपुरी-राजारामपुरीत हिंडणाऱ्या माणसाने मोठे अलॉय घालण्याआधी पावसाळ्यातला आपला रस्ता आठवावा.

कोल्हापूरच्या रस्त्यांचे स्वतःचे काही परिणाम आहेत. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यावर उंच ठेवतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा हात सोडल्यावर हळूच डावीकडे जाते. ते ओढणे नव्हे. तपासायचे तर सपाट काँक्रीटवर तपासावे किंवा रिकाम्या रस्त्यावर मध्याजवळून गाडी नेऊन बघावी. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामातली वळणे आणि उंचसखल जोड टायरच्या भिंतीला मार देतात. ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांतून पडलेला ऊस चुकवताना चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरते, आणि वर चढताना टाय रॉडला जो हिसका बसतो तो कोणी लक्षात ठेवत नाही.

घाटाची गोष्ट निराळी. गगनबावडा हा जिल्ह्यातला अतिपावसाचा भाग. तिथून करूळ किंवा भुईबावडा घाटाने कोकणात उतरताना मोटरचा ब्रेक आधी मदतीला येतो, पण बॅटरी लहान असते. हायरायडरची बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासांची. सुमारे १,३०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर पावणेदोन किलोवॉट-तास ऊर्जा सुटते. हवेचा आणि टायरचा रोध त्यातली काही खातो, तरी उरलेली मावत नाही. बॅटरी भरली की इंजिन इंधनाविना फिरवून वेग आवरला जातो आणि इंजिनचा आवाज चढतो. नवखा माणूस दचकतो, पण ते ठीकच आहे. ओल्या पाल्यावर पुढचे टायर किती धरतात, तिकडे लक्ष हवे. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खुणेला आली असेल तर कायद्याने टायर संपला. या घाटांसाठी तो ३ मिलिमीटरलाच संपला असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोष शोधण्याचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजावी. मग टायरवर आडवा हात फिरवावा : एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना खरखरीत लागला तर टो चुकलाय. दोन्ही कडा झिजल्यात तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजलाय तर जास्त. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघावेत. ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, कोनांत नाही. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे तो मात्र असा बदलता येत नाही. यानंतर गाडी उचलून चाकाचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, तसेच बेअरिंग यांची ढिलाई बघावी. ढिलाई असताना केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते.

यंत्राचा कागद हिरवा आला म्हणून समाधान मानण्याची सवय इथे वाढली आहे. शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ज्या हातांनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे माप राखले, त्याच गावात हे घडावे याचे नवल वाटते. हिरवा रंग म्हणजे आकडा मर्यादेत आहे, एवढेच. डावीकडे मर्यादेची एक कड आणि उजवीकडे दुसरी असली तरी दोन्ही हिरवे. म्हणून दोन्ही बाजूंतला फरक वाचावा. या गाड्यांना मागे बहुधा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, असतो, आणि मागचा टो किंवा कॅम्बर सरळ फिरवून बदलण्याची सोय त्यात नसते. मागचा आकडा लाल आला तर बीम वाकला आहे किंवा हब बेअरिंग गेले आहे. तरीही मागची चाके मोजायचीच, कारण पुढचा टो मागच्या चाकांच्या दिशेला धरून बसवला नाही तर गाडी सरळ जाते आणि स्टेअरिंग वाकडे राहते.