मेंढा-लेखाचा बांबू: एका पास-बुकामागची गोष्ट

27 एप्रिल 2011 ला केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात आले आणि ग्रामसभेच्या हातात एक पुस्तक दिलं. वाहतूक परवान्याचं पुस्तक, ज्याला तिकडे टीपी (ट्रान्झिट पास) म्हणतात. शंभरेक घरांचं गोंड आदिवासी गाव आणि एका पावती पुस्तकासाठी एवढे मोठे पाहुणे, असं कुणालाही वाटेल, पण ते पुस्तक नसेल तर तोडलेल्या बांबूचा एकही ट्रक नाक्यापुढे जात नाही, म्हणजे माल तुमचा असूनही विकता येत नाही. सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं.

आता थोडं मागे जाऊ. हा भाग पूर्वी जमीनदारीत होता. 1950 नंतर जमीनदारी गेली आणि जंगल सरकारकडे आलं. लोकांना घरापुरतं लाकूड, बांबू, चारा घ्यायचा निस्तार हक्क होता, पण विक्रीचा विषय आला की वनखातं आणि ठेकेदार. इथला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जायचा, आणि ज्यांच्या दारात तो उगवायचा ते त्याच जंगलात रोजाने तोडणीला जायचे.

1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं. त्यातून लोक एकत्र बसायला लागले. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तेव्हापासूनची. गावाने घोटुल, म्हणजे तरुणांचं एकत्र जमायचं घर, बांधलं तर वनखात्याने लाकूड बेकायदा म्हणून ते पाडलं, गावाने पुन्हा उभं केलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची, गोंडीत 'मावा नाटे मावा राज'.

आणि मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे, बांबूच्या पैशात नाही. गावाने ठरवलं की निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचे. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीत, त्याचं पटेपर्यंत. ऐकायला वेळखाऊ वाटतं, आहेच, पण बहुमतात हरलेला माणूस रात्री जाऊन कुऱ्हाड चालवू शकतो आणि ज्याला पटलंय तो राखण करतो, एवढा साधा हिशोब आहे हा. सोबत अभ्यास मंडळ, म्हणजे निर्णय घ्यायच्या आधी कायदा काय म्हणतो, जंगलात काय चाललंय यावर नुसतं बसून बोलायचं. दारूबंदी यातूनच झाली, त्यात बायकांचा जोर मोठा होता. फळांसाठी झाड तोडायचं नाही हेही असंच ठरलं.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. गाव तयारच होतं, दावा टाकला, आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात सगळ्यात आधी ज्या गावांना असा हक्क मिळाला त्यातलं हे एक.

पण हक्क कागदावर आला तरी बांबू काही हलेना. कारण 1927 च्या भारतीय वन कायद्यात तेव्हा (2017 मध्ये बदल होईपर्यंत) बांबू म्हणजे झाड होतं, आणि झाडावर ताबा वनखात्याचा. उलट 2006 च्या कायद्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, आणि म्हणून ग्रामसभेचा. एकच बांबू, दोन कायदे, आणि ठरवणारा अधिकारी जुन्या कायद्याचं बोट धरून बसलेला. मार्च 2011 मध्ये रमेश यांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज धरा असं कळवलं आणि महिनाभरात ते पुस्तक गावात पोचलं. आता परवाना ग्रामसभा फाडणार. त्या हंगामापासून ग्रामसभेने स्वतः तोडणी केली, स्वतः गिऱ्हाईक शोधलं, मजुरी स्वतः ठरवली आणि उरलेला पैसा गावाच्याच खात्यात ठेवला. 2013 मध्ये तर गावाने आपली शेतजमीनही 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचा ठराव केला, याच सवयीतून.

वाट पडली की मागून लोक येतातच. गडचिरोली-गोंदियात ग्रामसभा तेंदूपानाचे लिलाव स्वतः करायला लागल्या. चंद्रपूरच्या पाचगावला 2012 मध्ये 1,006 हेक्टरवर हक्क मिळाला आणि त्यांनी बांबू विकायला घेतला, पण तेंदूपान तोडायचं नाही असं ठरवलं, कारण पानासाठी फांद्या छाटतात आणि नवी पालवी फुटावी म्हणून जंगलाला आग लावतात. हातात येणारे रोख पैसे सोडून दिले या गावाने, आणि तेही ग्रामसभेत बसून, सगळ्यांनी मिळून.