सामूहिक भोजनातील अपायकारक जीवाणू (ग्रामीण विदर्भ)

रोगकारक जीवाणू साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात वाढतात. विदर्भात लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि तेव्हा अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे सकाळी शिजवून मांडवात झाकून ठेवलेला गंजभर भात शेवटची पंगत बसेपर्यंत जीवाणूंना मानवेल एवढाच निवतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानपट्ट्यात म्हणूनच बॅसिलस सेरियसकडे विशेष लक्ष द्यावे लागते. या जीवाणूचे बीजाणू (कठीण कवचातील सुप्त रूपे) शिजवल्यावरही टिकतात, भात कोमट झाला की रुजतात, आणि त्यातून तयार होणारे उलट्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. खव्याच्या पेढ्यात किंवा श्रीखंडात हाच धोका स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा असतो. तो आचाऱ्याच्या हातावरील चिघळलेल्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात उतरतो. अशा अन्नाला वास येतोच असे नाही, त्यामुळे ‘एक उकळी दिली की झाले’ हा समज घातक ठरतो. शालेय पोषण आहारात मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घेण्याची पद्धत आवश्यकच आहे, परंतु या विषांची लक्षणे दिसायला अर्धा ते सहा तास लागत असल्याने केवळ तिच्यावर विसंबता येत नाही.

प्रयोगशाळेतील तपासणी त्याहून संथ असते. साल्मोनेला या विषबाधेच्या जीवाणूसाठी अन्नाचा २५ ग्रॅम नमुना आधी पोषक द्रवात, मग इतर जीवाणूंना रोखणाऱ्या निवडक माध्यमात वाढवून एक्सएलडी आगरावर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर) पसरवतात. तेथे काळ्या मध्याच्या वसाहती (जीवाणूंचे ठिपके) दिसल्या तर जैवरासायनिक चाचण्यांनी खात्री करतात आणि यात चार-पाच दिवस सहज जातात. विषबाधेचे कारण ठरवण्यासाठी ही तपासणी मोलाची आहे. जेवणारांचा बचाव मात्र चुलीपाशीच करावा लागतो.

कच्च्या दुधासाठी सोपी चाचणी उपलब्ध आहे. १० मिली दुधात १ मिली मेथिलिन ब्लू हा निळा रंग घालून नळी ३७ अंशांवर ठेवतात. जीवाणू दुधातील प्राणवायू वापरतात तसा निळा रंग उडत जातो: तो अर्ध्या तासात गेला तर दूध निकृष्ट, पाच तास टिकला तर उत्तम. विहिरीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यानंतर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाने पाण्याची चाचणी घेतो. पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजतात.

नियंत्रणाचे उपाय साधे असले तरी पंगतीच्या घाईत तेच सुटतात. भात एकदम न शिजवता पंगतीगणिक शिजवावा, वरण-भाजी ६० अंशांच्या वर राहील अशी मंद आचेवर ठेवावी आणि कोमट झालेले अन्न दोन तासांपलीकडे वाढू नये. ४० अंशांच्या उन्हात ही मर्यादा एका तासाची धरावी. हाताला जखम असलेल्या माणसाला त्या दिवशी वाढण्याऐवजी सरपणाचे काम द्यावे. उरलेला भात टिकवायचाच असेल तर तो गंजात न ठेवता परातीत पातळ पसरून निववावा आणि लगेच थंड जागी, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावा. तशी सोय नसेल तर तो दुसऱ्या दिवशी कोणालाही वाढू नये.