कृत्रिम बुद्धिमत्तेचा संशय आणि टक्केवारीचा घोळ : पार्श्वभूमी

वाङ्मयचौर्य हाताळण्याची भारतीय विद्यापीठांतील सध्याची चौकट जुलै २०१८ च्या केंद्रीय विनियमांतून आली. प्रबंधात इतरांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही, चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, साठपर्यंत वर्षभर सादरीकरणास मनाई आणि त्यापुढे नोंदणी रद्द, अशी ती उतरंड आहे. पुढच्याच वर्षी साम्य तपासणारी संगणकप्रणाली देशभरातील विद्यापीठांना उपलब्ध झाली आणि टक्क्यांची भाषा संशोधन विभागांत रुळली. त्याच विनियमांतील अधिक मोलाची तरतूद मात्र मागे पडली : चौकशी समितीत विभागाबाहेरचा ज्येष्ठ अध्यापक असावा, तिने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळावीत आणि विद्यार्थ्याला बाजू मांडू द्यावी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने मजकूर लिहून देणारे चॅटजीपीटी खुले झाले आणि काही महिन्यांतच यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने आली. त्यांचा अहवालही टक्क्यांतच येतो, आणि सगळा गोंधळ इथेच आहे. साम्याचा अहवाल मूळ मजकूर समोर ठेवतो. तो वाचून अवतरणचिन्हांतील उतारा कोणता आणि उचललेला कोणता, हे मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघेही तपासू शकतात. नव्या अहवालामागे असा मूळ मजकूर नसतोच. शब्दांची निवड आणि वाक्यांची घडण यांवरून बांधलेला तो अंदाज असतो, त्यामुळे निर्दोष विद्यार्थ्याला खोडून काढण्यासारखे काही हाती लागत नाही. अशा आकड्याला २०१८ ची दहा टक्क्यांची मर्यादा लावणे म्हणजे अंदाजाला पुराव्याचा दर्जा देणे होय.

हा धोका २०२३ मध्येच दिसला होता. चॅटजीपीटीच्या निर्मात्यांनी जानेवारीत आणलेले स्वतःचे ओळखसाधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलैत मागे घेतले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध सात साधनांनी यंत्रलिखित ठरवले. मोजके शब्द आणि सरळ रचना हेच त्यामागचे कारण होते. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांचे लेखनही पुष्कळदा असेच असते.

भारतात हा वाद २०२४ मध्ये न्यायालयात पोहोचला. उत्तरपत्रिका ८८ टक्के यंत्रलिखित ठरवून अनुत्तीर्ण केल्याविरुद्ध विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने उच्च न्यायालयात दाद मागितली. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यामुळे याचिका निकाली निघाली. असा अहवाल एकट्याने पुरावा ठरतो का, यावर निर्णय झाला नाही.