काट्यावरचं वजन आणि अंगातली चरबी

दिराच्या लग्नाआधी आठ दिवस खानापूरच्या आमच्या वहिनींनी भात-भाकरी सोडली. काकडी, ताक, लिंबूपाणी. काट्यावर तीन किलो उतरले. मग मांडे झाले, कुंदा झाला, आणि चौथ्या दिवशी काटा होता तिथंच. "माझं अंगच तसलं," म्हणून त्या खचून बसल्या. तेव्हा त्यांच्यासमोर मांडलेला हिशेब इथं देते.

एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. घरकाम करणाऱ्या बाईला दिवसाला 1,800च्या आसपास लागतात. म्हणजे आठ दिवस नुसत्या पाण्यावर काढले, तरी खर्च 14,400. दोन किलो चरबीसुद्धा जळत नाही! मग तीन किलो गेले कुठं?

बरंचसं पाणी गेलं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, चार-पाचशे ग्रॅमपर्यंत, आणि त्याच्या दर ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-भाकरी थांबली की साठा उतरतो, पाणी लघवीवाटे जातं. आतडंही रिकामं असतं. जेवण सुरू झालं की सगळं परत भरतं. वहिनींच्या अंगावर चार दिवसांत तीन किलो चरबी चढली नव्हती.

उपाशी राहण्यातलं खरं नुकसान काट्याला दिसत नाही: स्नायू झिजतात. ते कमी झाले की बसल्या जागी होणारा खर्च घटतो, आणि भूक मात्र वाढलेली असते. फार झटपट उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

चरबी उतरते ती आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. त्यासाठी भाकरी सोडायची गरज नाही. जोंधळ्याच्या तीन भाकऱ्यांच्या दोन करा, मटकीची उसळ वाढवा, अंबाड्याची भाजी पोटभर खा. शेंगदाण्याच्या चटणीवर आपण सहज तेल ओततो ना, तिथं हात आवरा. मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळपास 120 कॅलरी. स्नायू टिकवायला चालण्याच्या जोडीला उठाबशा किंवा वजन उचलणंही हवं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. साखर एकदम खाली जाते.

उतरलेलं टिकवणं जास्त अवघड. अमेरिकेत 1994पासून अशा माणसांची एक नोंदवही ठेवली आहे, किमान 13.6 किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांची. त्यातले बहुतेक जण रोज तासाभराच्या चालण्याइतका व्यायाम करतात आणि आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात. रोजचा काटा बघून जीव खालीवर होण्यापेक्षा कमरेला टेप लावा: बायकांना 80 सेंटीमीटर, पुरुषांना 90च्या आत.

वहिनींचं चार महिन्यांत चारच किलो उतरलं. पण परवा त्या लग्नातला ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घ्यायला शिंप्याकडं घेऊन गेल्या.