खासगी शिकवणी वर्ग सुरू करताना: नोंदणी, कर, विमा आणि अर्ज अडण्याची खरी कारणे

महाराष्ट्रात खासगी शिकवणी वर्ग सुरू करण्यासाठी ‘क्लासचा परवाना’ म्हणून एकच असा कागद मिळत नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालील गुमास्ता (म्हणजे आस्थापनेची नोंदणी किंवा सूचनेची पावती), व्यवसाय कराची नोंदणी आणि उलाढाल वाढल्यावर जीएसटी अशा तीन वेगवेगळ्या खिडक्या आहेत, आणि एका खिडकीवर चाललेला कागद दुसऱ्या खिडकीवर चालेलच असे नाही. शिक्षकांचे असे अर्ज भरून देताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे: अर्ज पात्रतेवर क्वचितच अडतो, तो अडतो जागेच्या कागदावर, किंवा तीन अर्जांत तीन प्रकारे लिहिलेल्या नावावर आणि तारखेवर.

पात्रतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने एकाच गटापुढे उभा राहतो, तो म्हणजे शाळेत नोकरी करणारे शिक्षक. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर गुमास्ता काढून स्वतः शिकवण्याचा मार्ग अनेकांना सुचवला जातो, परंतु तक्रार झाल्यास फळ्यासमोर कोण उभे होते हेच पाहिले जाते आणि त्यात नोकरी पणाला लागते. असा सल्ला देणाऱ्यावर विसंबून राहू नये. पन्नासहून अधिक विद्यार्थी असणाऱ्यांनी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही वाचून ठेवाव्यात. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश न देणे, शिकवणारा किमान पदवीधर असणे, प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असणे आणि विद्यार्थ्याने वर्ग मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करणे, अशा अटी त्यांत आहेत. त्या सूचना राज्यांना उद्देशून आहेत, त्यांच्या आधारे आज कोणी तुम्हाला परवाना देणार नाही. तरीही फीच्या पावतीवर परताव्याची अट आधीपासून छापलेली असली तर पालकांशी होणारे निम्मे वाद टळतात.

जागेचा कागद

वर्ग स्वतःच्या नावावरील जागेत असेल तर मालमत्ता कराची ताजी पावती किंवा वीजबिल पुरते. प्रत्यक्षात बहुतेकांची जागा वडिलांच्या, सासऱ्यांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असते. अशा वेळी जागेच्या मालकाचे संमतीपत्र, त्याचा ओळखीचा पुरावा आणि मालकीचा एक कागद अशी तीन पाने एकत्र लागतात. संमतीपत्र साध्या कागदावर चालते. त्यासाठी शंभर किंवा पाचशे रुपयांचा मुद्रांक आणायला लावणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत. त्यांना त्याचा आधार विचारावा.

सर्वांत अवघड प्रकरण असते ते मृत व्यक्तीच्या नावावरील बिलाचे. गणित शिकवणाऱ्या एका तरुणीच्या घराचे वीजबिल बारा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाने येत होते आणि घरपट्टीवरही तेच नाव होते. तिने आईचे संमतीपत्र जोडले, परंतु आईचे नाव मालकीच्या एकाही कागदावर नव्हते, त्यामुळे अर्ज परत आला. पुढे आणखी दोन वेळा तिने तेच कागद नव्याने स्कॅन करून पाठवले आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आले. शेवटी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती देऊन वीजबिलावरचे नाव आधी बदलून घेतले, नंतर घरपट्टीवरचे, आणि चौथा अर्ज मंजूर झाला. यात तिचा जूनचा हंगाम गेला. नाव बदलण्याचे काम वर्ग सुरू करण्याच्या विचाराबरोबरच, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच हाती घ्यावे, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

भाड्याच्या जागेत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे करार नोंदणीकृत आहे का. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. बहुतेक छापील मसुद्यांत ‘जागेचा वापर केवळ निवासासाठी केला जाईल’ असे वाक्य असते, ते न वाचताच सही होते, आणि मग तोच करार व्यवसायाच्या जागेचा पुरावा म्हणून जोडला जातो. कागद स्वतःच अर्जदाराच्या विरुद्ध साक्ष देतो. सही करण्यापूर्वी ‘निवास व शिकवणी वर्ग’ असा शब्दप्रयोग घालून घ्यावा. गृहनिर्माण संस्थेचे ना हरकत पत्र आस्थापनेच्या अर्जात मागितले गेले नाही तरी घेऊन ठेवावे, कारण जिन्यातील चपला आणि दारातील सायकली यांवरून होणारी तक्रार पुढे थेट महापालिकेपर्यंत पोहोचते.

घरातच वर्ग असेल तर विजेचा दर कोणता लागेल, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. महावितरणच्या दरपत्रकातील अटीनुसार घराच्या काही भागात व्यवसाय चालत असला तरी महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दर लागू राहतो. दोन वातानुकूलन यंत्रे बसवण्यापूर्वी हा हिशेब करावा.

गुमास्ता

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार वीसपेक्षा कमी (२०२५ च्या सुधारणेपूर्वी दहापेक्षा कमी) कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीची गरज नाही. व्यवसाय सुरू झाल्यापासून साठ दिवसांच्या आत फॉर्म एफमध्ये ऑनलाइन सूचना देणे पुरेसे असते आणि त्याची पावती मिळते. आधार, पॅन, छायाचित्र, सही, जागेचा पुरावा आणि पाटीचे छायाचित्र एवढेच कागद लागतात. पाटी देवनागरी लिपीत मराठीत असावी आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत; २०२२ च्या सुधारणेनंतर हे बंधन लहान आस्थापनांनाही लागू झाले आहे. केवळ इंग्रजी फलकाचे छायाचित्र जोडणारे अजूनही भेटतात.

येथे लोक अडखळतात ते व्यवसाय सुरू झाल्याच्या तारखेवर. अर्जात कोणी सहज तीन वर्षांपूर्वीची तारीख टाकतो, कारण घरी दोन मुलांना तेव्हापासून शिकवत होतो असे त्याला वाटते. मग साठ दिवसांची मुदत त्याने स्वतःच ओलांडलेली दिसते आणि व्यवसाय कराची थकबाकीही त्याच तारखेपासून मोजली जाते. तारीख खरीच लिहावी, परंतु ती विचार करून, एकदाच ठरवून सर्व अर्जांत तीच लिहावी.

व्यवसाय कर

१९७५ च्या राज्य व्यवसाय कर कायद्याखाली वर्ग चालवणाऱ्या व्यक्तीला स्वतःसाठी पीटीईसी म्हणजे नावनोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. नावनोंदणी दायित्व सुरू झाल्यापासून तीस दिवसांत करायची असते. ३१ मेपर्यंत नोंदणी झालेल्यांनी त्या वर्षाचा कर ३० जूनपर्यंत भरावा. त्यानंतर नोंदणी झाली तर नोंदणीपासून एक महिना मिळतो. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना हा कर नाही, त्यामुळे निवृत्त शिक्षकांपैकी अनेकांना तो लागू होत नाही, आणि तरीही तो नियमाने भरणारे काहीजण मला भेटले आहेत.

एक गैरसमज विशेषतः शिक्षिकांमध्ये दिसतो. महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही, हे त्यांनी ऐकलेले असते. एप्रिल २०२३ पासूनची ही सवलत पगारदार महिलांच्या वेतनाला आहे. स्वतःचा वर्ग चालवणाऱ्या महिलेच्या पीटीईसीला ती लागू नाही. वर्गात पगारी शिक्षक ठेवले आणि त्यांचे वेतन करपात्र मर्यादेत आले, तर पीटीआरसी ही वेगळी नोंदणी करून त्यांच्या पगारातून कर कापून भरावा लागतो. एक प्रमाणपत्र मिळाले म्हणजे दुसरे आपोआप मिळत नाही.

जीएसटी: वीस लाखांचे गणित

शाळा आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम यांना असलेली जीएसटीची सूट शिकवणी वर्गाला मिळत नाही. कोचिंगवर १८ टक्के कर आहे. मात्र वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर जाईपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, आणि ऑनलाइन वर्गात पणजीची किंवा बेंगळुरूची मुले असली तरी सेवांसाठी हीच मर्यादा लागू राहते.

ही मर्यादा नफ्याची नाही, उलाढालीची आहे. ती जून ते एप्रिल अशा शैक्षणिक वर्षावर मोजत नाहीत, एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षावर मोजतात. शिवाय ती त्या पॅनवरील सगळी उलाढाल धरते, करमुक्त उलाढालसुद्धा. समजा ऐंशी विद्यार्थी प्रत्येकी २२,००० रुपये देतात, म्हणजे १७,६०,००० रुपये झाले आणि शिक्षक निर्धास्त आहेत. त्यांनी प्रत्येकाला ३,००० रुपयांची पुस्तके विकली, म्हणजे २,४०,००० आणखी वाढले. त्यांच्याच नावावरील एक सदनिका महिना १५,००० रुपये भाड्याने दिलेली आहे, म्हणजे १,८०,००० आणखी. पुस्तकांवर आणि राहण्याच्या भाड्यावर कर नसला तरी बेरीज २१,८०,००० होते आणि नोंदणी तीस दिवसांत करणे बंधनकारक ठरते. फी आधीच ठरलेली असल्याने तो १८ टक्के कर मग पालकांकडून मागता येत नाही, स्वतःच्या खिशातून जातो.

अर्ज केल्यावर अधिकाऱ्याला शंका असेल तर आरईजी-०३ ही नोटीस येते आणि सात कामकाजाच्या दिवसांत आरईजी-०४ मध्ये उत्तर द्यावे लागते. उत्तर गेले नाही तर अर्ज फेटाळला जातो. ही नोटीस घरी टपालाने येत नाही. अर्ज सायबर कॅफेतून भरलेला असतो, ई-मेल आणि मोबाइल क्रमांक तेथील मुलाचा टाकलेला असतो, आणि अर्जदार महिन्याने चौकशीला येतो तेव्हा मुदत संपून गेलेली असते. ई-मेल आणि मोबाइल स्वतःचाच द्यावा आणि अर्जाची स्थिती एक दिवसाआड पाहावी.

या टप्प्यावर अनावश्यक कागदही मागितले जातात, आणि ते पाहून मला खरोखर राग येतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या निर्देश क्रमांक ०३/२०२५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की स्वतःच्या जागेसाठी मालकीचा कोणताही एक कागद पुरेसा आहे, आणि भाडेकरार नोंदणीकृत असेल तर घरमालकाच्या ओळखीचे कागद मागू नयेत. तरीही घरमालकाचे पॅन मागणारी नोटीस आली, तर भांडण न करता उत्तरात या निर्देशाचा क्रमांक व तारीख लिहावी आणि करारासोबत घरमालकाच्या मालकीचा एक कागद पुन्हा जोडावा.

आयकराबाबत इतकेच सांगतो की अंदाजित उत्पन्नाच्या (म्हणजे जमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न मानण्याच्या) योजनेतील ठरावीक व्यवसायांच्या यादीत डॉक्टर, वकील, अभियंता आहेत, शिकवणी नाही; म्हणून शेजारच्या वकिलाचे विवरणपत्र पाहून आपले भरू नये, सनदी लेखापालाला विचारावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऐच्छिक असून ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. शिकवणीचा वर्गीकरण क्रमांक ८५४९१ आहे. चालू खाते उघडताना ती उपयोगी पडते, परंतु ती गुमास्त्याची जागा घेत नाही.

विमा आणि आगीची व्यवस्था

केवळ शिकवणी घेण्यासाठी कायद्याने सक्तीचा असा विमा नाही. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाचे नाव सांगून पॉलिसी गळ्यात मारली जाते. तो कायदा घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. दहा कर्मचारी झाले की राज्य कामगार विम्याची नोंदणी पाहावी लागते, आणि २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कर्मचारी तिच्यात येतात. मुलांची ने-आण करणार असाल तर वाहनाचा परवाना आणि विमा प्रवासी वाहतुकीचाच हवा. खासगी मोटारीच्या विम्यावर फी घेऊन मुले बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते.

सक्ती नसली तरी दोन पॉलिसी घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांकडे मिळते, आणि विद्यार्थ्यांसाठी सामूहिक वैयक्तिक अपघात विमा घेता येतो. घरात वर्ग असेल तर घराच्या विम्याच्या प्रस्तावातच तसे लिहून द्यावे, कारण लपवलेला वापर हे दावा नाकारण्याचे पहिले कारण होते.

इमारत व्यावसायिक असेल तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र घेऊन सादर करावे लागते. हे मालकाचे काम आहे म्हणून सोडून देऊ नये, कारण कायदा मालकाबरोबर भोगवटादारालाही, म्हणजे जागा वापरणाऱ्यालाही, जबाबदार धरतो. सुरतमध्ये २४ मे २०१९ रोजी वरच्या मजल्यावरील वर्गाला आग लागली तेव्हा मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या आणि २२ जणांचा जीव गेला. जागा पाहायला जाल तेव्हा दुसरा जिना कोठे उतरतो, तो कुलूपबंद किंवा खोक्यांनी भरलेला आहे का आणि खिडकीची जाळी आतून उघडते का, हे स्वतः चढून-उतरून पाहावे. ‘नमुना ब’ची ताजी प्रत मागावी, आणि मालक ती दाखवू शकला नाही तर करारावर सही करू नये.