स्टँप पेपरवर सही नाही, म्हणून करारच नाही?

हिंजवडीपासून भोसरीपर्यंतच्या कार्यालयांत एक समज घट्ट रुजला आहे: स्टँप पेपरवर सही होईपर्यंत सॉफ्टवेअर पुरवठादाराशी ठरलेला व्यवहार केव्हाही मोडता येतो. हे खरे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार प्रस्ताव, त्याची निःसंदिग्ध स्वीकृती आणि मोबदला जुळला की सर्वसाधारणपणे करार होतो. आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०-ए नुसार तो केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून अवैध ठरत नाही. ‘दर मान्य, पन्नास लायसन्स घेतो, एक तारखेपासून सुरू करा’ एवढा खरेदी विभागाचा ईमेलही पुरेसा ठरू शकतो. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता प्रकरणात, औपचारिक मसुद्यावर सह्या व्हायच्या राहिलेल्या असूनही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ईमेलवर ठरलेला बॉक्साइटचा व्यवहार बंधनकारक मानला. ‘लेखी करारावर सह्या झाल्यावरच बंधन’ असे आधीच स्पष्ट लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. ते वाक्य पहिल्याच ईमेलमध्ये घालावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

करार मोडल्यास त्यात लिहिलेला दंड पूर्णच भरावा लागतो, ही भीतीही अनाठायी आहे. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार ती रक्कम कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. मात्र माघार घ्यायची तर फोन टाळत बसू नये. करारातील समाप्तीचे कलम वाचून मुदतीत लेखी नोटीस द्यावी.